मॉड बदलला तरी लो आयडी जात नाही

घणसोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमचा दहा जणांचा ट्रेकचा गट आहे. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या किल्ल्यांचे बारा वर्षांतले फोटो आणि व्हिडिओ मिळून दीड टीबी झालेत. सगळ्यांकडे सगळं असावं, पण क्लाउडचं भाडं दर महिन्याला भरायचं नाही. गटातल्या एका दादाने ईम्यूल सुचवलं, एकमेकांच्या संगणकांवरून थेट फाइली देण्याघेण्याचा प्रोग्राम. साधं नको, मी पाठवतो तो मॉड, म्हणजे बदललेली आवृत्ती, टाक, तिप्पट वेग मिळतो, असं म्हणून व्हॉट्सॲपवर झिप पाठवली. दोन आठवडे झाले, माझा लो आयडी (म्हणजे बाहेरून कुणी थेट जोडू शकत नाही), कळव्याच्या मित्राचाही लो आयडी, एक फाइल हलत नाही. विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर ओरडत होता, तो दादाच्या सांगण्यावरून बंद केला. दुसरा कुठला मॉड घेऊ? कोणता सुरक्षित?"

आधी डिफेंडर चालू करा. मग तो मॉड काढून टाका आणि पूर्ण स्कॅन लावा. हे झाल्यावर पुढचं वाचा, घाई नाही. दुसरा मॉड शोधायच्या भानगडीत मात्र पडू नका, कारण तुमचा आजार मॉडमध्ये नाहीच.

मी ठाण्यात नेटवर्किंगची कामं करतो. सुरुवात झाली ती नौपाड्यात, एका केबलवाल्याकडे वायरींना क्लिपा मारण्यापासून. तेव्हा केबलचं इंटरनेट म्हणजे या गच्चीवरून त्या गच्चीवर टाकलेली लॅनची वायर. मधे डब्यात स्विच, आणि पहिल्या वळवाच्या पावसात वीज कडाडली की सकाळी चार स्विच जळालेले. गंमत अशी की अख्खी गल्ली एकाच लॅनवर असायची, त्यामुळे शेजारच्या इमारतीतल्या पोराचं शेअर केलेलं फोल्डर आपल्या पडद्यावर दिसायचं. बाहेरचा वेग यथातथाच. सरकारच्या २००४च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएस मिळालं की ते ब्रॉडबँड, अशी व्याख्या होती, यावरून अंदाज करा. त्या काळात मी रात्र रात्र ईम्यूल चालू ठेवलेलं आहे, आणि अर्धा डझन मॉड वापरलेले आहेत. त्यामुळे त्या दादाची श्रद्धा मला समजते. माझीही होती.

आता हे मॉड प्रकरण मुळात काय, ते सांगतो. ईडॉंकी२००० नावाचा एक प्रोग्राम होता, सोर्स (प्रोग्रामचा मूळ कोड) बंद असलेला. तो पसंत नव्हता म्हणून हेंड्रिक ब्राइटक्रॉइट्झ या जर्मन प्रोग्रामरने १३ मे २००२ रोजी ईम्यूल सुरू केलं. तिकडे गाढव, म्हणून इकडे खेचर. नावाचा विनोद एवढाच. त्याच वर्षीच्या जुलैत सोर्स जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झाला आणि लगेच जगभरच्या लोकांनी त्यात हात घातले. ज्याला जे खटकलं ते त्याने बदललं आणि स्वतःच्या नावाने बाहेर काढलं: मॉर्फएक्सटी, एक्स्ट्रीम, स्कारएंजल, किती नावं सांगू. लिनक्स आणि मॅकवर चालणारं एम्यूल (aMule) हेही याच घराण्यातलं. मूळ मंडळींची शेवटची मोठी आवृत्ती ०.५०ए, ती एप्रिल २०१०ची. त्यानंतर ते थांबले. पुढे समुदायातल्या मोजक्या जणांनी तोच कोड उचलून ०.६० आणि ०.७० काढल्या, ६४ बिटची बांधणी दिली. म्हणजे आज 'मूळ ईम्यूल' म्हणून आपण जे उतरवून घेतो, तेही समुदायाचंच काम आहे. तेव्हा 'मॉड म्हणजे भेसळ' असा समज मनात असेल तर काढून टाका. चांगला मॉड कोणता आणि वाईट कोणता, हे तो कुठे हात घालतो त्यावर ठरतं.

चांगल्या मॉडांनी हात घातला तो अपलोडमध्ये. ईम्यूलचा जुना स्वभाव असा की रांगेतल्या बऱ्याच जणांना एकदम थोडं थोडं वाढायचं. चाळीत सकाळी पाणी आलं आणि दहा नळ एकाच वेळी सोडले की धार करंगळीएवढी होते, कुणाचीच बादली वेळेत भरत नाही. झेडझेड नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामरने वेगळी रीत आणली: पहिल्याला त्याला झेपेल तेवढं द्या, उरलं तर दुसऱ्याला, त्यातून उरलं तर तिसऱ्याला. बादल्या एकेक करून भरतात, पण भरतात. दुसरी एक सुधारणा पिंगवर (संदेश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळावर) नजर ठेवून अपलोडचा वेग आपोआप कमीजास्त करायची. म्हणजे घरात कुणी फोनवर बोलत असेल तर त्याचा आवाज तुटू नये. ती लोकांना इतकी पटली की मूळ ईम्यूलनेच ती आत घेतली. काही मॉडांनी मित्रासाठी राखीव जागा वाढवल्या. मूळ ईम्यूलमध्ये एका वेळी एकाच मित्राला रांग न लावता आत घेता येतं.

यातल्या एकाही बदलाने तुमचा डाउनलोड तिप्पट होत नाही, हे लक्षात घ्या. या सगळ्या सुधारणा दुसऱ्याला नीट कसं द्यावं याच्या आहेत.

तिप्पटीचं आमिष दाखवणारे मॉड वेगळ्या जातीचे. त्यांना लीचर म्हणतात, आपल्या भाषेत फुकटे. ते काय करतात हे कळायला ईम्यूलचा हिशोब कळायला हवा, आणि तो मला अजूनही फार सुंदर वाटतो.

किराणा दुकानातली उधारीची वही आठवा. ती गिऱ्हाइकाकडे नसते, दुकानदाराकडे असते. ईम्यूलचं क्रेडिट तसंच चालतं. मी तुम्हाला डेटा दिला तर त्याची जमा माझ्या संगणकावर होत नाही, तुमच्या संगणकावर होते. उद्या मी तुमच्या रांगेत उभा राहिलो की तुमचं ईम्यूल स्वतःची वही उघडतं: या माणसाने मला किती दिलं, मी त्याला किती दिलं. दोन आकडे काढले जातात. एक, त्याने दिलेल्याची दुप्पट भागिले मी दिलेलं. दुसरा, त्याने दिलेल्या एमबींत दोन मिळवून त्याचं वर्गमूळ. यातला जो लहान तो त्याचा गुणक, आणि तो १च्या खाली किंवा १०च्या वर जात नाही. उदाहरण घ्या. मी तुम्हाला ९८ एमबी दिले, तुम्ही मला १४. पहिला आकडा १९६ भागिले १४ म्हणजे १४, दुसरा १००चं वर्गमूळ म्हणजे १०. गुणक १०. तुमच्या रांगेत मी एक मिनिट थांबलो की ती दहा मिनिटं धरली जातात. पहिला एक एमबी देईपर्यंत मात्र गुणक एकच.

आता यात खोटं कुठे घालणार? मी माझा कोड बदलून 'मी हजार जीबी दिले' असं लिहून काय उपयोग, वही तुमच्याकडे. मग फुकटे मॉड काय करायचे? एक म्हणजे अपलोडची अट काढून टाकायचे. मूळ ईम्यूलमध्ये अपलोडची मर्यादा सेकंदाला ४ केबीपेक्षा कमी ठेवली तर डाउनलोड तिच्या तिपटीवर अडतो; १०च्या वर ठेवली की बंधन नाही. हे बंधन तोडायला कोडमधल्या दोनचार ओळी बदलल्या की झालं. पण ते बंधन मोडेमच्या काळातलं. आज फायबरवर १० केबी म्हणजे काहीच नाही. दुसरं म्हणजे रांगेत पुन्हापुन्हा येऊन विचारायचे, 'माझा नंबर आला का?' याला ईम्यूल सरळ बंदी घालतं. तिसरं, फक्त आपलाच मॉड वापरणाऱ्यांना द्यायचं, बाकीच्यांकडून नुसतं घ्यायचं. त्यावर चांगल्या मॉडांनी फुकट्यांना ओळखून रांगेबाहेर काढणारी यंत्रणा बसवली. म्हणजे फुकटा मॉड लावला की तुम्ही पुढे जात नाही, चांगल्या घरांची दारं तुमच्यासाठी बंद होतात. जत्रेत खिसे कापणाऱ्याबरोबर फिरलात तर तुमच्याकडेही कोणी सरळ बघत नाही, तसं.

आता तुमच्या लो आयडीकडे येतो. खरा गुंता इथे आहे.

ईम्यूल सर्व्हरला जोडलं की सर्व्हर उलट तुमच्या दारावर टकटक करून बघतो. दार उघडलं तर हाय आयडी. हा आयडी म्हणजे तुमच्या आयपी पत्त्याच्या चार आकड्यांपासून बनलेली एक मोठी संख्या. दार उघडलं नाही तर सर्व्हर स्वतःकडचा एक क्रमांक देतो, तो १,६७,७७,२१६ पेक्षा लहान असतो. तो लो आयडी. लो आयडीवाल्याला थेट कुणी जोडू शकत नाही. हाय आयडीवाल्याला त्याच्याकडून काही हवं असेल तर तो सर्व्हरमार्फत निरोप पाठवतो, 'तूच मला जोड'. पण दोघंही लो आयडी असतील तर? तुम्ही त्यांना जोडू शकत नाही, ते तुम्हाला जोडू शकत नाहीत, निरोप पाठवून कोण कुणाला बोलावणार? तुमची फाइल दोन आठवडे हलली नाही ती यामुळे. घणसोलीचं दार बंद, कळव्याचंही दार बंद. तुमच्या गटातल्या दहाही जणांचं असंच असेल, तर कुठलाही मॉड तुमची गाठ घालून देणार नाही. एकाचं जरी दार उघडलं तरी बाकीचे नऊ त्याच्यापर्यंत पोचतील.

दार बंद का, हे मी नेहमी घरी जाऊन बघतो. ऐरोलीला मागे एका गृहस्थांकडे गेलो होतो, तक्रार तुमचीच. त्यांनी राउटरमध्ये ४६६२ टीसीपी आणि ४६७२ यूडीपी हे पोर्ट, म्हणजे ईम्यूलची दारं, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखे फॉरवर्ड केलेले. फायरवॉलमध्ये परवानगी दिलेली. तरी लो आयडी. मी राउटरचं स्टेटसचं पान उघडलं, वॅन आयपीसमोर (म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूच्या पत्त्यासमोर) १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता. म्हणजे त्या राउटरच्याही पुढे आणखी एक राउटर. बघितलं तर दरवाजाच्या वर, चपलांच्या कपाटामागे नेटवाल्याने बसवलेला फायबरचा डबा, तोही राउटरचंच काम करत होता. दारामागे दार. नेटवाल्याला फोन करून तो डबा ब्रिज मोडला, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करून, टाकून घेतला. पुन्हा स्टेटस बघितलं: १००.७२ने सुरू होणारा पत्ता. गृहस्थ खूश झाले, मी कपाळाला हात लावला.

१००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता दिसला की समजायचं, तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. आयपीव्ही४चे पत्ते संपत आल्यामुळे नेट देणाऱ्या कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच खरा पत्ता वापरतात आणि आतून हे पत्ते वाटतात. तो पट्टा या कामासाठीच राखून ठेवलेला आहे. पार्सल घेऊन आलेल्या पोराला नुसतं 'अमुक कॉम्प्लेक्स, घोडबंदर रोड' एवढंच सांगितलं, विंग नाही, मजला नाही, नाव नाही, तर तो गेटवरून परत जाणार. तसं बाहेरून येणारं प्रत्येक कनेक्शन कंपनीच्या गेटवरून परत जातं. तुमच्या घरातल्या राउटरमध्ये तुम्ही काहीही सेटिंग केलं तरी गेट तुमचं नाही.

उपाय दोनच. एक, नेटवाल्याकडे पब्लिक आयपी मागा. स्टॅटिक, म्हणजे कायम तोच राहणारा, नसला तरी चालतो. बरेच स्थानिक नेटवाले थोडे जास्त पैसे घेऊन देतात, फक्त फोन उचलणाऱ्या पोराला 'पब्लिक आयपी' म्हणजे काय ते कळत नसेल तर ज्याच्या हातात काम आहे त्या टेक्निशियनशी बोला. दुसरा उपाय आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी, लांब पत्त्यांची पद्धत. हल्ली अनेक जोडण्यांवर तो आपोआप मिळतो आणि त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा खरा पत्ता असतो. पण ईम्यूलचा हिशोब चार आकड्यांच्या पत्त्यावर उभा आहे, त्याला याचा उपयोग नाही. टॉरेंट ही फाइली वाटण्याची दुसरी पद्धत, ती वापरणाऱ्यांना आहे. ऐरोलीच्या गृहस्थांनी पब्लिक आयपी घेतला आणि त्याच संध्याकाळी त्यांचा हाय आयडी आला. मॉड तोच होता.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, जी हाय आयडी आला तरी राहील. ईम्यूल फाइलचे ९७,२८,००० बाइटचे, म्हणजे साधारण ९.२८ एमबीचे भाग पाडतं. एक भाग पूर्ण होऊन तपासला गेला की तो तुम्ही लगेच पुढे वाटू शकता, बाकीची फाइल यायची असली तरी. सगळी गंमत या भागांत आहे. सात जीबीचा व्हिडिओ असेल तर दहा जण वेगवेगळे भाग घेऊन एकमेकांना देत बसतात आणि काम भराभर उरकतं. पण तुमचा एकेक फोटो सात-आठ एमबीचा. तो एका भागाहूनही लहान! म्हणजे फोटो पूर्ण येईपर्यंत पुढे देता येत नाही, आणि प्रत्येक फोटोसाठी वेगळी रांग. हजारो फोटो म्हणजे हजारो रांगा. शिवाय प्रत्येक फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) काढायला लागणारा वेळ, आणि सर्व्हर किती फाइली नोंदवू देतो त्याची मर्यादा. ईम्यूल वापरायचंच असेल तर एका किल्ल्याचं एक झिप करा. माहुलीचं एक, गोरखगडाचं एक, बेलापूरच्या किल्ल्याचं छोटंसं एक. पण मग उद्या माहुलीचे चार फोटो वाढले की झिप नवीन, हॅश नवीन, सगळं पहिल्यापासून.

सुरक्षिततेचं विचारलंत ते बरं केलंत. लोक इथे दोन टोकं गाठतात. एक म्हणतात, ओपन सोर्स आहे म्हणजे सुरक्षितच. दुसरे म्हणतात, कुणीही बदललंय म्हणजे व्हायरसच. दोघांचंही अर्धवट. क्यूबिटटॉरेंट हा टॉरेंटचा प्रोग्राम घ्या, चांगला, नावाजलेला, रोज हजारो डोळ्यांखालून जाणारा. त्यात एक चूक २०१० पासून २०२४ पर्यंत राहिली: प्रोग्राम काही गोष्टी इंटरनेटवरून आणताना समोरच्या साइटचं प्रमाणपत्र खरं की खोटं हे तपासतच नव्हता. ५.०.१ आवृत्तीत ती दुरुस्त झाली. सोर्स खुला होता म्हणून ती सापडली, पण सापडायला चौदा वर्षं लागली. उलट, ट्रान्समिशन या दुसऱ्या टॉरेंट प्रोग्रामचा कोड स्वच्छ होता, तरी मार्च २०१६मध्ये त्याच्या स्वतःच्या साइटवर ठेवलेली मॅकची २.९० आवृत्ती कुणीतरी बदलून त्यात खंडणी मागणारा केरेंजर घुसवला होता. सोर्स चांगला, बांधलेली फाइल घाण.

म्हणून मी मॉड बघताना तीनच गोष्टी बघतो. सोर्स कुठे आहे? ईम्यूलचा परवाना असा की बदललेला प्रोग्राम ज्याला दिला त्याला सोर्स द्यावाच लागतो. सोर्स मागितल्यावर 'गुपित आहे' म्हणणारा मॉडवाला परवानाही मोडतोय आणि काहीतरी लपवतोयही. काय बदललं याची यादी आहे का, आणि ती वाचून मला समजते का? 'पिंगनुसार अपलोड बदलतो' हे समजतं. 'वेग ३०० टक्के' हे समजत नाही, कारण त्यात काय बदललं ते लिहिलेलंच नाही. आणि शेवटचं, अँटिव्हायरस बंद करायला सांगतात का? हे खरं आहे की मायक्रोसॉफ्ट कंपन्यांच्या संगणकांवर टॉरेंटचे प्रोग्राम 'नको असलेले' या यादीत टाकतं, त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपवर इशारा आला म्हणजे व्हायरसच असं नाही. पण तुमचा घरचा संगणक होता, आणि झिप व्हॉट्सॲपवरून आली होती. ती बांधली कुणी हे पाठवणाऱ्या दादालाही सांगता येणार नाही. उतरवून घ्यायचं ते प्रकल्पाच्या स्वतःच्या जागेवरून, आणि तिथे एसएचए-२५६ हा हॅश दिलेला असेल तर ताडून बघायचा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासून असते, वेगळं काही लागत नाही.

मात्र माझ्या पाहण्यातलं सर्वांत मोठं नुकसान व्हायरसने झालेलं नाही, शेअर केलेल्या फोल्डरने झालं. ठाण्यातल्या एका हिशोबनिसाच्या ऑफिसात प्रिंटर लावायला गेलो होतो. तिथल्या शिकाऊ पोराने ईम्यूल टाकलेलं. सेटअपमध्ये फोल्डर विचारलं तेव्हा त्याने अख्ख्या डी ड्राइव्हवर टिक केलेली, आणि 'माझ्या फाइली कोण बघू शकतो' इथे 'सगळे'. मी शेअर्ड फाइल्सची खिडकी उघडली तर गिऱ्हाइकांचे ताळेबंद, पॅन कार्डांचे स्कॅन, सह्या, सगळं रांगेत मांडलेलं. एका ओळीसमोर अपलोडचा आकडा शून्य नव्हता. मालकांना ते दाखवलं तेव्हा ते काही बोललेच नाहीत, उठून पाणी प्यायले. तुमच्या दहाही जणांना हे सांगा: शेअरसाठी एक वेगळं फोल्डर करा, त्यात फक्त किल्ले, आणि बघण्याची परवानगी 'फक्त मित्र'. सिनेमा त्यात कुणीही टाकायचा नाही. व्हिडिओखाली लावलेल्या गाण्याचंही तेच. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड सांगतं. गडाच्या फोटोंसाठी ते कुणाला अंगावर घ्यायचंय?

क्यूबिटटॉरेंटचंही एक समुदायाने बदललेलं रूप आहे, एन्हान्स्ड एडिशन नावाचं. कुणीतरी ते सुचवेलच, म्हणून दोन शब्द. त्याचा सोर्स खुला आहे, बदलांची यादी साधी आहे: घेतात पण देत नाहीत अशा काही चिनी डाउनलोडरांना आपोआप बंदी, ट्रॅकरांची (कोणती फाइल कुणाकडे आहे ते सांगणाऱ्या सर्व्हरांची) यादी आपोआप ताजी करायची सोय, अशा गोष्टी. म्हणजे हा मॉड फुकट्यांच्या विरुद्ध बाजूचा. वाईट नाही. पण तुमच्या दहा जणांत चिनी फुकटा नाही, तेव्हा त्याचा तुम्हाला उपयोगही नाही. साधं क्यूबिटटॉरेंट पुरे.

तर मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? दीड टीबीचे दोन ढीग केले असते. जुने ट्रेक, ज्यात आता भर पडणार नाही, त्यांचं दर वर्षाचं एक टॉरेंट. टॉरेंटमध्ये फोल्डरमधल्या सगळ्या फाइली एका ओळीत लावून तुकडे पडतात, त्यामुळे लहान फोटोंची अडचण तिथे येत नाही. आयपीव्ही६ही चालतो, आणि दोघं सीजीनॅटमागे असले तरी तिसऱ्या उघड्या माणसाच्या मदतीने गाठ पडायची शक्यता असते. चालू वर्षाच्या फोल्डरसाठी मात्र सिंकथिंग. तोही ओपन सोर्स. प्रत्येक यंत्राचा एक लांबलचक आयडी असतो, तो एकमेकांना द्यायचा, फोल्डर निवडायचं, की एकाने टाकलेला फोटो दहाही ठिकाणी उतरतो. थेट जोडणी झाली नाही तर स्वयंसेवकांनी चालवलेल्या रिलेमधून जातो, हळू जातो पण कुलूपबंद जातो. गटातला एकच जण पब्लिक आयपीवर असला तर बाकीच्यांचं काम रिलेशिवाय भागतं. ज्याचे फोटो नीट लावलेले असतात त्याचं फोल्डर 'फक्त पाठवा'वर ठेवा, बाकीच्यांचं 'फक्त घ्या'वर, नाहीतर एकाने चुकून पुसलं की दहाही जणांचं पुसलं जातं. फोनवर टाकणार असाल तर मूळ अँड्रॉइड ॲपचं काम डिसेंबर २०२४मध्ये थांबलंय. चालतं ते समुदायाने पुढे नेलेलं रूप. तिथेही वरच्याच तीन गोष्टी बघा.

आणि ईम्यूलवर जीव जडलाच असेल, तर निदान कॉन्फिग फोल्डरमधल्या preferences.dat आणि cryptkey.dat या दोन फाइली जपून ठेवा. दुसऱ्यांच्या वह्यांत तुमचं खातं त्यांच्यावरून ओळखलं जातं. विंडोज पुन्हा टाकताना त्या गेल्या तर तुम्ही नवे गिऱ्हाईक, जुनी पुण्याई कुणालाही आठवणार नाही.

राहिला वेग. समजा पब्लिक आयपी आला, अपलोडला ५० एमबीपीएस सलग मिळाले, मधे वीज गेली नाही, घरात कुणी क्रिकेट बघितलं नाही. तरी दीड टीबी जायला जवळजवळ सदुसष्ट तास लागतात, तेही एका माणसाला द्यायला. म्हणून पहिली प्रत तारेवरून पाठवूच नका. दोन टीबीची हार्डडिस्क घ्या, फोटो त्यात घाला, फोमच्या पिशवीत गुंडाळा आणि ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला या. घणसोली ते ठाणे पंधरा-वीस मिनिटं. कळव्याच्या मित्राला स्टेशनवर बोलवा, तो कॉपी करून पुढच्या रविवारी तिसऱ्याला देईल. सिंकथिंगला ते फोल्डर दाखवलं की ते आधी आहे ते तपासून घेतं आणि फक्त नवं तेवढं मागतं. डिस्क सकाळच्या गर्दीत मात्र आणू नका, दुपारी बारानंतर या.